जिल्ह्याचा पेपर आणि त्याचा छापखाना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात आमचा छापखाना आहे. खाली ऑफसेट मशीन, कटिंग मशीन आणि कागदाचे गठ्ठे, वर माडीवर आमच्या दैनिकाचे कार्यालय. पत्रिका छापायला आलेला माणूस जाता जाता पेपरबद्दल विचारतो आणि बातमी घेऊन वर आलेला माणूस उतरताना बिलबुकाचा दर विचारतो. इतकी वर्षे घाईघाईत अर्धवट उत्तरे देत आलो. ती एकदा नीट लिहून काढली.

पेपर तीन रुपयांना देता. त्यात भागते का?

नाही भागत. आठ पानी मोठ्या आकाराचा अंक ४५ जीएसएमच्या न्यूजप्रिंटवर (चौरस मीटरला ४५ ग्रॅम भरणाऱ्या वृत्तपत्राच्या कागदावर) छापला तर त्याचे वजन साधारण ३२ ग्रॅम भरते. म्हणजे हजार अंकांना ३२ किलो कागद, वाया जाणारा वेगळा. हिशोबापुरता कागद ५० रुपये किलो धरा. एका अंकात १ रुपया ६० पैशांचा नुसता कागदच आहे. विक्रेत्याचे कमिशन किमतीच्या एक तृतीयांश धरले तर एक रुपया तिकडे गेला. उरले ४० पैसे. त्यात शाई, प्लेट, छपाईची मजुरी, वीज, गाडीभाडे, ऑपरेटरचे पगार आणि तालुक्याच्या वार्ताहरांचे मानधन बसवायचे. जाहिरात नसेल तर खप वाढला की तोटाही वाढतो.

मग दर दोन-तीन वर्षांनी "कागद महागला" म्हणता, ते खरे असते का?

खरे असते. वृत्तपत्राचा बराच कागद परदेशातून येतो, त्यामुळे जहाजाचे भाडे, डॉलरचा भाव आणि कुठे तरी दूर चाललेले युद्ध या सगळ्यांची झळ लातूरपर्यंत पोचते. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात न्यूजप्रिंटवर १० टक्के सीमाशुल्क लागले, २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. पुढे युक्रेनच्या युद्धात रशियाचा कागद अडकला आणि भाव पुन्हा चढले. देशात वृत्तपत्राचा कागद बनवणारा पहिला कारखाना बऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरला आहे. १९५६ साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. जुनी मशीनमन मंडळी कुठल्याही न्यूजप्रिंटला अजून "नेपा"च म्हणतात.

पेपर चालतो तरी कशावर?

जाहिरातींवर आणि खालच्या छापखान्यावर. यातला छापखान्याचा वाटा लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून तो आधी सांगतो. लग्नपत्रिका, बिलबुके, पावती पुस्तके, शाळांची प्रगतिपुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, औषध दुकानांची पाकिटे, जत्रेची पत्रके, या कामांनी आमच्याकडे महिन्याचे पगार होतात. मे महिन्यात लग्नसराई जोरात असली की पावसाळ्यात पेपरला श्वास घेता येतो. ज्या वर्षी दुष्काळ पडतो त्या वर्षी लग्ने पुढे ढकलली जातात, पत्रिका कमी होतात, आणि दुष्काळाच्या बातम्या द्यायला लागणारी पाने नेमकी तेव्हाच परवडेनाशी होतात. हे मी एकाहून जास्त वेळा भोगले आहे.

जाहिरातींत लातूरचे वर्ष निकालाभोवती फिरते. दहावी-बारावीचे आणि नीटचे निकाल लागले की शिकवण्यांच्या पानभर जाहिराती येतात, मुलांचे फोटो आणि गुणांसकट. त्या आठवड्यात आठाचा पेपर बारा-सोळा पानी होतो. एरवी वाढदिवस, पुण्यतिथी, दुकानांची उद्घाटने. सरकारी जाहिराती शासनमान्य यादीवर असलेल्यांनाच आणि ठरलेल्या दराने मिळतात. त्यांचे बिल निघायला लागणारा काळ मोठ्या दैनिकाला सोसतो, आमच्यासारख्याला उसनवारी करावी लागते. जाहिरातीच्या बिलावर ५ टक्के जीएसटी दिसतो तो आमचा नफा नव्हे, सरकारात भरायचा असतो. छापील अंकाच्या विक्रीवर मात्र जीएसटी नाही.

मोठी दैनिके आहेत, मोबाईल आहे. मग जिल्ह्याचा पेपर कशाला घ्यायचा?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, तेव्हा देशभरच्या पेपरांत त्या गाडीचे फोटो होते. आमच्याही पहिल्या पानावर होता. पण त्या दिवसांत लोक अंक मागून घेत ते आतल्या पानावरच्या एका चौकटीसाठी. कुठल्या प्रभागात टँकर कधी येणार, कुठल्या टाकीवरून भरणार, नळाला पाणी आता कितव्या दिवशी, एवढेच तिच्यात असे. ती चौकट कापून घराच्या दाराला आतून चिकटवलेली मी स्वतः पाहिली आहे, कडेला बॉलपेनने घागरींचा हिशोब मांडलेला. ती तयार करायला आमचा एक मुलगा रोज दुपारी नगरभवनात आणि मग टाक्यांवर सायकलने फिरत असे. कारण कागदावरचे वेळापत्रक आणि टाकीवरची रांग यांचा मेळ बसत नसे.

बाजार समितीतले सोयाबीन-तुरीचे भाव, औशाच्या रस्त्यावरचा बंद पूल, बदललेली एसटीची वेळ, कुणाच्या शेतातला विजेचा डीपी कधीपासून जळालेला आहे, ही बातमी मुंबईच्या पानात बसत नाही आणि बसावी असेही नाही. ती इथेच छापली पाहिजे. मोबाईलवर तीच गोष्ट येते, पण कुणी लिहिली ते कळत नाही. आमच्या अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे आणि पत्ता असतो. बातमी चुकली तर त्या पत्त्यावर माणूस भांडायला येऊ शकतो, आणि येतोही.

वडिलांच्या दहाव्याची जाहिरात आहे. आज दिली तर उद्या येईल का?

संध्याकाळी सातपर्यंत दिली तर येईल. फोटो मोबाईलवरचा चालतो, फक्त मूळ फोटो पाठवा. भिंतीवरच्या तसबिरीचा काढलेला फोटो असेल तर काचेवरची चकाकी टाळा. मजकूर मात्र फोनवर सांगू नका, लिहून द्या आणि प्रूफवर सही करा. याचा आग्रह का धरतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका घरचा मजकूर आम्ही फोनवर उतरून घेतला. तारीख बरोबर छापली, वार चुकला. गुरुवारच्या जागी शुक्रवार. निम्मे पाहुणे वार बघून निघाले आणि दुसऱ्या दिवशी नदीवर पोचले, तेव्हा घाटावर कुणी नव्हते. त्या घरचा थोरला मुलगा अंक घेऊन आला. ओरडला नाही. अंक टेबलावर ठेवून त्या ओळीवर बोट ठेवून उभा राहिला. तेव्हापासून आमच्याकडे दहावा, तेरावा आणि वर्षश्राद्धाच्या जाहिरातीत तारीख-वार पंचांग समोर ठेवून दोघे जण तपासतात, एक वाचतो आणि दुसरा बघतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप केलेला मजकूर पाठवला तर चालतो का?

चालतो, उलट बरे पडते. पण त्यात एक अडचण आहे, ती ठाऊक असू द्या. तुमच्या मोबाईलवरचा मजकूर युनिकोडमध्ये असतो. आमची आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांची पाने अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागतात, कारण वर्षानुवर्षांचे साचे, लोगो, जाहिराती सगळे त्यात आहे. एकातून दुसऱ्यात बदल करताना जोडाक्षरे आणि रफार घसरतात. 'ऱ्य'चा 'र्य' झाला की आचाऱ्यांचे आचार्य होतात आणि दऱ्यांचा दर्या होतो. आडनावात असे झाले तर अर्थ बदलत नाही पण माणूस दुखावतो. म्हणून गोऱ्हे, बऱ्हाणपुरे, कुऱ्हाडे अशी नावे असतील तर कागदावर मोठ्या अक्षरात एकदा लिहून द्या.

पूर्वी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, हाताने जुळवायचे तेव्हा हीच काळजी जुळाऱ्याच्या बोटांत असायची. देवनागरीच्या काना-मात्रा आणि जोडाक्षरांसाठी केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, शेकडो खाने असत आणि आमचे जुने जुळारी डोळे मिटूनही 'ज्ञ'च्या खान्यावर हात टाकत. संगणकाने वेग दिला. पण त्यांच्याइतके शुद्धलेखन जाणणारा माणूस आता पगार देऊनही सहज मिळत नाही, आणि मराठी छपाईचे सगळ्यात मोठे नुकसान माझ्या मते हेच आहे.

पत्रकाचा रंग मोबाईलवर दिसला तसा छापून का येत नाही?

मोबाईल उजेडाने रंग दाखवतो, आम्ही कागदावर शाई लावतो. निळा, किरमिजी, पिवळा, काळा या चार शायांच्या बारीक ठिपक्यांतून सगळे रंग तयार होतात. झगझगीत हिरवा आणि जांभळट निळा त्यात जसाच्या तसा उतरत नाही. त्यातून न्यूजप्रिंट शाई पिऊन घेतो, म्हणून पेपरातला रंग आर्ट पेपरवरच्या पत्रकापेक्षा मळकट दिसतो. डिझाईन संगणकावर कोरलड्रॉमध्ये करून देणार असाल तर चार रंगांच्या पद्धतीत करा आणि फॉन्टचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून, द्या.

रात्री मशीनवर प्रत्यक्ष काय होते?

एकदा येऊन बघा. पाने रात्री साडेअकराच्या सुमारास सुटतात. संगणकावरून थेट अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर प्रतिमा उमटते, रंगीत पानाला चार प्लेट. ऑफसेटचे सगळे तंत्र तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही यावर उभे आहे. प्लेटच्या कोऱ्या भागावर पाणी धरते, अक्षरांवर तेलकट शाई धरते. तिथून ती रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि ब्लँकेटवरून कागदावर.

आमच्याकडे खाली आहे ती सुट्या कागदांची मशीन. पत्रिका-पत्रकांना ती पुरते. पेपर छापायला रीळ लावायची वेब मशीन लागते. ती घेण्याइतके भांडवल आमच्याकडे कधीच नव्हते, म्हणून अंक दुसऱ्याच्या मशीनवर भाड्याने छापून घेतो. जिल्ह्यातली बहुतेक छोटी दैनिके असेच करतात. त्यामुळे आमची वेळ ठरलेली असते, ती चुकली की मागचा पेपर पुढे जातो. निवडणूक निकालाच्या रात्री एका तालुक्याचा आकडा येईना म्हणून अडून बसता येत नाही, "मतमोजणी सुरू होती" असे छापून मोकळे व्हावे लागते.

मशीन सुरू झाली की पहिले दोन-तीनशे अंक वायाच जातात. शाई-पाणी जमलेले नसते, रंग एकमेकांवर बसलेले नसतात. मशीनमन धावत्या अंकांतून एक खेचतो, भिंग लावून पानाच्या कडेची खूण बघतो आणि न बघताच डाव्या हाताने चावी पाव फेरा फिरवतो. चारही रंगांच्या खुणा एकावर एक बसल्या की मान हलवतो. तिथून पुढचे अंक तुमच्या घरी येतात.

पेपर कधी कधी उशिरा का येतो?

छपाई लांबली, गाडी बंद पडली किंवा पेपर टाकणारा मुलगा आजारी पडला. यातले तिसरे कारण सगळ्यात वारंवार घडते. निलंगा, उदगीर, अहमदपूरची पार्सले पहाटेच्या गाड्यांनी जातात, तिथून विक्रेता आणि मग मुलगा. पहाटे पाचला बसस्टँडवर बसून पुरवण्या आणि पत्रके अंकात घालणारी ही मुले पुढे कॉलेजलाही जातात. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायला मनाई केली, जूनमध्ये ती उठली. मधल्या काळात पीडीएफची सवय लागली ती लागलीच. ज्या घरांनी तेव्हा पेपर बंद केला त्यांतली सगळी परत आली नाहीत, आणि त्या मुलांच्या लाईन आटल्या. एक लाईन दोनशे घरांवरून सव्वाशेवर आली तर त्या मुलाला पहाटे उठणे परवडत नाही.

लग्नपत्रिकेचे प्रूफ कुणी तपासावे?

घरातल्या वयाने मोठ्या बाईने. नवरा मुलगा डिझाईन बघतो, बाप रक्कम बघतो. नाती तीच बघते. कुणाच्या नावाआधी श्री., कुणाच्या आधी कै., कोण सौ. आणि कोण श्रीमती, कुठल्या चुलत्याचे नाव कुणाच्या वर घ्यायचे, आजोळची नावे राहिली का, किलबिलमध्ये सगळ्या भावंडांची पोरे आली का, हे तिच्याशिवाय कुणाला धड सांगता येत नाही. हयात माणसाला कै. लागलेले प्रूफ मी पाहिले आहे. घरच्या आत्याने ते पकडले आणि अंगावर काटा आला. मुहूर्ताची वेळ अंकात आणि अक्षरात अशी दोन्हीकडे लिहा.

आम्ही वधू-वरांच्या वयाचा पुरावाही बघतो. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण नसेल तर पत्रिका छापत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या गावी जाते हे माहीत आहे, तरी छापत नाही.

निवडणुकीची पत्रके छापता का? आधार कार्ड कशाला मागता?

छापतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क नुसार पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचे नाव-पत्ता असलाच पाहिजे. छापून घेणाऱ्याने आपल्या ओळखीचे घोषणापत्र दोन प्रतींत द्यायचे, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि छपाईनंतर पत्रकाची प्रत व घोषणापत्र आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचे. न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रात्री अकराला येऊन "नाव टाकू नका, दुप्पट पैसे घ्या" म्हणणाऱ्याला दुसऱ्या उमेदवाराची बदनामी करायची असते. ते काम आमच्याकडे होत नाही.

पैसे दिले तर बातमी लावता का?

नाही. पैसे घेतले तर ती जाहिरात, आणि तिच्यावर 'जाहिरात' असे छापले जाते. बातमीला पैसे लागत नाहीत. आमच्या नावाने कुणी वार्ताहर पैसे मागत असेल तर थेट माडीवर या. मानधन तुटपुंजे असले की हा रोग शिरतो हे मला कळते. दोष निम्मा तुटपुंजे मानधन देणाऱ्या आम्हा मालकांचा आहे, आणि तरीही ते खपवून घेता येत नाही. ज्या दिवशी वाचकाला कळले की पहिल्या पानावरचा मजकूर विकत घेतलेला आहे, त्या दिवशी त्याने आतल्या पानावरच्या टँकरच्या वेळेवर तरी का विश्वास ठेवावा?

जमीन घेतोय, वकील जाहीर नोटीस द्या म्हणतात. नाव बदलाचीही जाहिरात लागते का?

जमिनीवर कुणाचा हक्क-हरकत आहे का हे विचारणारी नोटीस स्थानिक पेपरात देण्याची पद्धत आहे. गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा वकिलांकडूनच लिहून आणा. नाव बदलाची अधिकृत नोंद मात्र शासनाच्या राजपत्रात होते. पेपरातली जाहिरात त्याची जागा घेत नाही, तेव्हा आधी राजपत्राचे बघा.

स्वतःचे साप्ताहिक काढायचे आहे. काय करावे लागते?

१८६७ चा जुना मुद्रण कायदा जाऊन २०२३ चा नवा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. पूर्वी आधी शीर्षकासाठी दिल्ली, मग जिल्हाधिकाऱ्यांसमोर घोषणापत्र, मग नोंदणीसाठी पुन्हा दिल्ली अशा खेपा होत्या. आता शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज एकाच वेळी प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाईन करायचा. चार-पाच पर्यायी शीर्षके तयार ठेवा, सोपी नावे कधीच संपली आहेत.

कायद्याचे हे झाले. माझे सांगणे वेगळे आहे. आधी सलग बारा अंकांचा मजकूर कागदावर मांडून बघा. कुणाचे तीन अंकांत संपते, कुणाचे पाचव्यात. ज्याला तालुक्यातल्या बारा आठवड्यांत छापण्याजोगे काही सापडत नाही त्याने नोंदणीच्या भानगडीत पडू नये. आणि केवळ गाडीवर 'प्रेस' लिहिण्यासाठी साप्ताहिक काढायचे असेल तर कृपा करून आमच्याकडे छापायला आणू नका.

६ जानेवारीला पत्रकार दिन का?

१८३२ साली त्या तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, मराठीतले पहिले वृत्तपत्र. एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. जांभेकर कोकणातल्या पोंभुर्ल्याचे.

आमच्या भागाला हे सगळे फार उशिरा मिळाले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, सरकारी भाषा उर्दू, मराठी पेपरावर करडी नजर. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' काढले, त्यावर निजाम सरकारने बंदी घातली, तरी निरनिराळ्या नावांनी अंक निघत राहिला. पुढे अनंत भालेरावांनी ते चालवले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला तेव्हा 'दर्पण' निघून ११६ वर्षे झाली होती. आपल्या भाषेत, आपल्या गावचे छापलेले वाचायला मिळणे ही गोष्ट इथे कुणाच्या तरी आजोबांनी किंमत मोजून मिळवलेली आहे. पहाटे गठ्ठे बांधताना हे माझ्या मनात असते.

पीडीएफ ग्रुपवर टाकली तर चालेल का?

तुमची बातमी किंवा जाहिरात असलेले पान जरूर टाका. अख्खा अंक रोज टाकू नका. तीन रुपये आमचे बुडतात त्याहून त्या मुलाची लाईन बुडते.

जुने अंक बघायला मिळतील का?

मिळतात, पैसे घेत नाही. दर सहा महिन्यांचे अंक कापडी बांधणीत बांधून माडीवरच्या आतल्या खोलीत ठेवले आहेत. सगळ्यात जास्त हाताळला गेलेला खंड १९९३ च्या उत्तरार्धाचा आहे. ३० सप्टेंबरच्या अंकावर गणपती विसर्जनाची बातमी आहे, कारण पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो अंक छापून झाला होता. त्याच्या पुढच्या दिवसापासून गावागावांच्या याद्या सुरू होतात, बारीक टाईपात, रकान्यामागून रकाने. त्या पानांच्या खालच्या कडा बोटांनी काळवंडल्या आहेत. अजूनही लोक येतात. गेल्या वर्षी एक बाई सासरहून आली होती, भूकंपात ती लहान होती. दोन तास बसून तिने तिच्या आजीचे नाव शोधले, मग मला बोलावून विचारले, "हे आडनाव एका अक्षराने चुकलंय, पण गाव आणि वय बरोबर आहे, म्हणजे हीच ना?" मी म्हटले, हीच.

यायच्या आदल्या दिवशी फोन करा म्हणजे खंड काढून ठेवतो. न्यूजप्रिंट ठिसूळ झाला आहे, घडीवर तुटतो, म्हणून झेरॉक्सला देत नाही. मोबाईलवर फोटो काढा. खिडकीजवळच्या टेबलावर दुपारी बारापर्यंत उजेड चांगला असतो.